काम बाकी नाही

"एक तास अठ्ठेचाळीस मिनिटं," सुभेदार मोरे म्हणाले आणि स्टॉपवॉच माझ्या नाकासमोर धरलं. "फडतरे, नवरदेवाची वरात याच्या आधी पोचते."

मी घामानं निथळत होतो. माझ्या मागं ओढ्यावर साठ फुटांचा लोखंडी पूल उभा होता आणि चाळीस जवान जागा मिळेल तिथं आडवे पडले होते. पूल चोख होता, भरलेला ट्रक गेला असता त्यावरून. पण दोन आठवड्यांनी दिल्लीहून तपासणी यायची होती आणि पावणेदोन तास घेऊन बांधलेला पूल तपासणीला दाखवायचा म्हणजे मोऱ्यांना अंगात शर्ट न घालता उभं राहिल्यासारखं वाटत होतं.

"पॅनल वाकडी आहेत, साहेब," मी म्हणालो. "भोकाला भोक लागत नाही. पिन जातच नाही आत."

"मग सरळ करा."

पॅनल सरळ करणं काही कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. एकेक पॅनल म्हणजे दोनशे साठ किलोची लोखंडी चौकट, उचलायला सहा माणसं लागायची. एकाला एक जोडायचं, मधे हाताएवढी जाड पिन घणानं ठोकायची, असं करत पूल पुढं सरकवायचा. आमची पॅनल आमच्यापेक्षा वयानं मोठी होती. तीस-पस्तीस वर्षं ट्रकमधून आपटून आपटून प्रत्येकाला आपापला बाक आला होता. सगळा वेळ जायचा तो पिना ठोकण्यात आणि शिव्या देण्यात.

यातून वाट काढू शकेल असा कंपनीत एकच माणूस होता, आणि तो पॅनलला हातही लावू शकत नव्हता.

लान्स नाईक सोपान इंगवले माझ्या शेजारच्या गावचा, खटाव तालुक्यातला. मी हवालदार, त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी सीनियर, म्हणून तो मला दादा म्हणायचा. दोन वर्षांपूर्वी सुट्टीवर असताना मोटारसायकलवरून पडला आणि उजवा गुडघा कामातून गेला. ड्यूटीवर पडला असता तर गोष्ट वेगळी होती. सुट्टीवर पडला म्हणून भरपाई नाही, काही नाही. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, ओझं उचलायचं नाही, पळायचं नाही. अशा माणसाला हलकं काम असेल तरच फौज ठेवून घेते. आमच्या स्टोअरमध्ये तशी एक जागा होती. तिथं तो पिना मोजायचा, ग्रीस लावायचा, रजिस्टर लिहायचा.

त्याची नोकरी झाली होती तेरा वर्षं चार महिने. पंधरा भरल्याशिवाय पेन्शन नाही. वीस महिने त्याला त्या स्टोअरात काढायचे होते, बस. गावाकडं त्याला जमिनीचा तुकडा नव्हता. दोन मुली होत्या आणि कलावती नावाची बायको होती, जी क्वार्टरच्या मागं वांगी-मिरच्या लावायची आणि अर्ध्या लाइनीला वाटायची.

आणि ही तपासणी साधी नव्हती. कंपनीच्या क्लार्कनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की ही टीम स्टॉपवॉच घेऊन येते, कोण किती काम करतं ते मोजते आणि मग माणसं कापते. सगळ्या फौजेतच माणसं कमी करायचं चाललंय म्हणे.

मी हे सोपानला सांगितलं. तो ग्रीसचा डबा खाली ठेवून म्हणाला, "कुणाची माणसं कापत्यात, दादा?"

"जी कंपनी ढिली, तिची. दुसरं काय असणार?"

"मग आपण ढिलं दिसायचं न्हाई."

"तेच तर."

आम्हाला दोघांनाही हे इतकं सरळ वाटलं की पुन्हा त्यावर बोलणंच झालं नाही. वीस वर्षं फौजेत हेच शिकलो होतो. साहेब येणार म्हटलं की दगडांना चुना, झाडांना गेरू, बुटांत तोंड दिसेल अशी पॉलिश. जो चमकला तो वाचला.

दुसऱ्या दिवसापासून सोपान कामाला लागला. हातात खडू, बगलेत काठी. सहा-सहा जवानांकडून पॅनल उचलून घ्यायचा, एकाला दुसरं लावून बघायचा, भोकात पिन घालून बघायचा. नाही जमलं की तिसरं. "हिचं हिच्याशी न्हाई जमायचं. हिला ती कोपऱ्यातली आणा." पोरं त्याला लग्नाचा मध्यस्थ म्हणायला लागली. जोडी जमली की दोन्हीवर खडूनं आकडा. वाकड्या पिना बाजूला काढल्या, चांगल्यांना घासून तेल दिलं. दहा दिवस हे चाललं. संध्याकाळी त्याचा गुडघा सुजून टम्म व्हायचा. कलावती मीठ-पाण्याचा शेक द्यायची आणि मी तिथं असलो तर माझ्याकडं बघून म्हणायची, "भावजी, एवढं मरमर करायला लावताय, काय बरं होणार हाय का ह्यातनं?"

"होणार म्हणजे काय! बघाच तुम्ही."

अकराव्या दिवशी आम्ही पूल बांधला. एक तास दोन मिनिटं. पिना एका घावात आत जात होत्या. मोऱ्यांनी घड्याळ झटकलं, कानाला लावलं, परत बघितलं. मग सोपानच्या पाठीत असा गुद्दा घातला की त्याची काठी पडली.

तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी मोरे ओढ्यावर आले आणि त्यांचं तोंड आंबट झालं.

"हे काय? बाजारातल्या गोणींवर असतात तसे आकडे? पुसा सगळे. वर हिरवा रंग मारा."

"साहेब, आकडं ऱ्हाऊ द्यात की," सोपान म्हणाला. "त्याच्यावरच समदं हाय."

"तपासणी आहे इंगवले, शाळा नाही. पोरांना क्रम पाठ करायला लाव."

पोरांनी क्रम पाठ केला. दुपारपर्यंत सगळी पॅनल त्या क्रमानं मांडून झाली आणि सोपानचे आकडे रंगाखाली गेले. मी स्वतः ब्रश हातात घेतला होता, कारण संध्याकाळच्या आत वाळायला हवं होतं.

मग मी त्याला म्हणालो, "उद्या तू बाहेर येऊ नकोस. साहेबासमोर लंगडताना दिसलास तर पहिला डोळा तुझ्यावरच जाईल."

"मग करू काय?"

"इस्त्रीचे कपडे घाल, स्टोअरात टेबलापुढं रजिस्टर ठेव आणि बस. काही विचारलं तर ताठ उभा राहा. चालू नकोस."

"तेवढं जमंल," तो हसून म्हणाला.

टीमचे प्रमुख मेजर बागची नावाचे बंगाली गृहस्थ होते. बारीक अंगाचे, सोनेरी चष्म्याचे, आवाज कधी न चढवणारे. बरोबर दोन क्लार्क. आमचे कंपनी कमांडर, ज्यांना आम्ही सगळे ओसी साहेब म्हणायचो, ते त्यांच्या शेजारी हात मागं बांधून उभे राहिले. बोलणं सगळं हिंदीत झालं. मी आपलं मराठीत सांगतो.

शिट्टी झाली आणि पोरं अशी सुटली की कोण कुठं आहे ते मलाच दिसेना. घणाचे घाव एका तालात पडत होते. एक पिन अडली नाही. शेवटची फळी पडली तेव्हा अठ्ठावन्न मिनिटं झाली होती. पोरांनी असा जयघोष केला की कॅन्टीनमधली माणसं बाहेर आली. ओसी साहेबांच्या मिशा थरथरत होत्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला सांगू.

बागची साहेबांनी मला जवळ बोलावलं.

"हवालदार, रोज एवढ्याच वेळात होतं?"

"होतं, सर."

"जुनं सामान आहे. पिना अडत नाहीत?"

"नाही, सर."

"सामान कोण लावतं? त्याला किती वेळ लागतो?"

"आम्हीच लावतो सर. वेळ लागत नाही."

 त्यांनी पेन्सिल कागदावर टेकवली. मग जरा हळू आवाजात म्हणाले, "बघ, मी फक्त मोजायला आलोय. काही अडचण असेल, माणसं कमी पडत असतील, तर मला सांग. मी लिहीन. तू सांगितलं नाहीस तर मला लिहिता येणार नाही."

ओसी साहेब माझ्यापासून हातभर अंतरावर होते. मोरे त्यांच्या मागं. बाहेरच्या अधिकाऱ्यासमोर कंपनीत अडचण आहे म्हणून सांगायचं, म्हणजे आपल्या साहेबाचं भर मैदानात नाक कापायचं. असं कुणी करत नाही. मी तर अठ्ठावन्न मिनिटांचा बादशहा होतो.

"काही अडचण नाही, सर!"

पेन्सिल चालली.

मग ते स्टोअरमध्ये गेले. सोपान परीटघडीच्या कपड्यांत टेबलापुढं बसला होता. समोर रजिस्टर, रजिस्टरवर पेन, बाकी टेबल आरशासारखं स्वच्छ. तो ताडकन उभा राहिला. गुडघ्यात कळ गेली असणार, पण चेहऱ्यावर सुरकुती नाही.

"तुझ्याकडं काय काम असतं?"

"सामानाची देखभाल, साहब!"

"आत्ता काय चाललंय?"

"सगळं काम पूर्ण आहे, साहब. काहीही बाकी नाही!"

हे तो छाती काढून म्हणाला. फौजेत यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र माणूस स्वतःला देऊ शकत नाही. बागची साहेबांनी एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा त्या स्वच्छ टेबलाकडं बघितलं आणि क्लार्कला काहीतरी सांगितलं. क्लार्कनं लिहिलं.

चहाच्या वेळी ते ओसी साहेबांना सांगत होते आणि मी बिस्किटांची बशी धरून उभा होतो. फौजेचा पैसा पगार आणि पेन्शनमध्येच संपतो, म्हणाले. नवीन घ्यायला उरत नाही. आता असा पूल आलाय की ट्रकच्या पाठीवरून बटण दाबलं की आपोआप उलगडतो, आठ माणसांत काम होतं. तो घ्यायचा तर माणूस कमी करावा लागेल. माणूस एकदा घेतला की फौज त्याला मरेपर्यंत पोसते, त्याच्या बायकोलाही पोसते.

"बरोबर आहे," ओसी साहेब म्हणाले.

बरोबरच होतं. मी आजही त्यातला एक शब्द खोटा म्हणत नाही. फक्त बशी धरून उभं असताना मला वाटत होतं की ते दुसऱ्या कुणाबद्दल बोलताहेत.

तीन महिन्यांनी आदेश आला. आमच्या कंपनीतल्या अकरा जागा रद्द. शेरा असा होता की नेमून दिलेलं काम ठरलेल्या वेळेच्या जवळजवळ निम्म्या वेळात पूर्ण होतं, सबब मनुष्यबळ जास्त आहे. शेजारच्या कंपनीचा पूल त्याच टीमसमोर दोनदा अडला होता. एका पोराचं बोटही चेंगरलं होतं. त्यांच्या तीनच जागा गेल्या.

अकरातले दहा जण दुसऱ्या कंपन्यांत बदलून गेले. अकरावी जागा स्टोअरमधली होती. ओसी साहेबांनी सोपानसाठी तीन ठिकाणी पत्रं लिहिली. तिन्हीकडून एकच उत्तर, हलकं काम शिल्लक नाही. मग त्याच्या हातात कागद आला. दोन महिन्यांनी घरी.

तो माझ्याकडं आला तो रागावून नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"दादा, क्लार्क म्हनतोय, पंधरा तारखेपतुर हरकत घेता येती. पन माझ्या लिहिन्याला काय किंमत न्हाई. ज्यानं काम दावलं त्यानं लिहाय पायजे. त्या दिवशीचा टाइम रोजचा न्हाई, आधी दहा दिवस खपून सामान जुळवलं हुतं, आनि ते स्टोअरच्या मानसानं जुळवलं. एवढंच."

"लिहितो की. त्यात काय."

मी ओसी साहेबांकडं गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. खुर्चीवर बस म्हणाले, जे ते कधी म्हणत नसत.

"फडतरे, तू लिहून दे, मी वर पाठवतो. मी अडवणार नाही. पण काय लिहिणार ते नीट समजून घे. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यानं तुला चारदा विचारलं आणि तू चारदा खोटं बोललास, हे तू सहीनिशी लिहिणार. वरचे त्यावर इंगवलेला ठेवतील की नाही, मला माहीत नाही. कदाचित ठेवतील. तुझं काय करतील ते मात्र माहीत आहे. नायब सुभेदारीच्या यादीत तुझं नाव दुसरं आहे. बोर्ड पुढच्या महिन्यात बसतंय."

"होय, सर."

"बढती नाही मिळाली तर तुझी नोकरी किती उरली?"

"एक वर्ष, सर."

"पंधरा तारखेपर्यंत विचार कर."

मी त्याच दिवशी कागद लिहिला. अख्खं पान, सगळं खरं. पॅनल, खडू, हिरवा रंग, टेबल. खाली सही केली, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. आठ दिवस तो कागद माझ्या छातीवर होता. परेडला होता, जेवताना होता. रोज ऑफिससमोरून जायचो आणि मनात म्हणायचो, उद्या. माझा मोठा मुलगा दहावीला होता. हे मी कारण म्हणून सांगत नाही. सोपानची धाकटी दुसरीत होती.

पंधरा तारखेला दुपारी तो मैदानाच्या कडेला भेटला. लंगडत लंगडत येत होता, मला बघून भरभर यायला लागला.

"दादा, दिलं का?"

"दिलं," मी म्हणालो.

तोंडातून गेलं. ऑफिस चारपर्यंत उघडं होतं, तीन वाजले होते, मी अजून जाऊ शकत होतो. गेलो नाही.

सोपाननं काठी टाकली, दोन्ही टाचा जुळवल्या आणि मला कडक सॅल्यूट ठोकला. मी हवालदार, मला सॅल्यूट लागू नाही. त्यानं तरी ठोकला.

"आता काय बी होवो," म्हणाला. "तू दिलंस, बास."

दीड महिन्यानं तो गेला. पेन्शनला निघालेल्या माणसाला आमच्याकडं हार घालून, जीपमध्ये बसवून, बँड लावून गेटपर्यंत नेतात. सोपान पेन्शनला निघाला नव्हता, त्यामुळं तो टेम्पोतून गेला. मागं लोखंडी ट्रंका, दोन मुली आणि एका डब्यात लावलेलं मिरचीचं रोप. कलावती माझ्याशी काही बोलली नाही. घाईत असेल, असं मी धरून चाललो.

बोर्डात माझं नाव निघालं. नायब सुभेदार झालो, पुढं सुभेदार. अठ्ठावन्न मिनिटांबद्दल मिळालेलं प्रशस्तिपत्र माझ्या फायलीत सगळ्यांत वर होतं. सोपान गेल्यावर पुलाला परत पावणेदोन तास लागायला लागले, पण तेव्हा मोजायला कुणी येत नव्हतं.

बारा वर्षांनी त्याच्या थोरल्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण आलं. पत्रिकेत कोपऱ्यात हातानं लिहिलं होतं, दादा आल्याशिवाय अक्षता नाहीत. मी रिटायर होऊन घरी होतो. न जाण्याची चार कारणं मी बायकोला सांगितली. तिनं माझे लग्नाला जायचे कपडे कपाटातून काढून ठेवले.

सोपान एका साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन होता. बारा तासांची ड्यूटी, आठवड्याला सुट्टी नाही. केस पांढरे झाले होते, पाय आता पुरताच ओढत होता. मला बघितल्यावर मांडवभर हाका मारत आला, हाताला धरून व्याह्यांसमोर नेलं.

"हे फडतरे सुभेदार. मला काढलं न्हवं का फौजेतनं, तवा ह्या मानसानं माझ्यासाठनं लिहून दिलं. सोताची बढती डावाला लावून. सख्खा भाऊ करनार न्हाई. वरच्यांनी ऐकलं न्हाई ती गोष्ट वायली."

व्याही वयस्क शेतकरी होते. त्यांनी मला हात जोडले. मला फेटा बांधला, नारळ दिला, पहिल्या रांगेत बसवलं. अक्षता पडल्या. मी टाकल्या त्या कुठं पडल्या मला माहीत नाही.

पंगतीच्या आधी मी हात धुवायला मांडवामागं गेलो. तिथं कलावती पाण्याच्या पिंपाजवळ उभी होती, बहुतेक माझ्यासाठीच. तिनं तांब्या भरून माझ्या हातावर पाणी घातलं.

"भावजी, एक बोलू?"

"बोला की."

"तुमी त्यो कागद दिला असता, तर तुमी सुभेदार झाला नसता. मी फौजीची बायको हाय, एवढं मला कळतंय. तुमच्या बढतीची बातमी आली त्याच दिवशी कळलं."

पाणी माझ्या हातावरून गळून जात होतं. "वहिनी..." मी म्हणालो.

"आता काय बोलू नका. न् त्यांच्याफुडं तर कधीच नगा. वाट्टंल त्याला सांगत असत्यात, माझ्यासाठनं एका मानसानं एवढं केलं म्हनून. गेटवर बारा-बारा तास उभं ऱ्हात्यात ते त्याच्यावरच." तिनं तांब्या पिंपावर ठेवला, पदरानं हात पुसले. "चला, पान वाढलंय. ते जेवायचं थांबल्यात तुमच्यासाठनं."

मी पंगतीला बसलो. सोपाननं वाढप्याच्या हातातून परात काढून घेतली आणि पाय ओढत रांगेतून थेट माझ्यापाशी आला.

"दादा, जिलबी. न्हाई म्हनायचं न्हाई आज."

त्यानं दोन वाढल्या, मग अजून एक. मी मान खाली घालून सगळ्या खाल्ल्या.